उशीर झाकू नका, मोजा : रिदम गेम टॅबवर आणणाऱ्या कंपनीला नागपूरहून खुले पत्र

प्रति,
व्यवस्थापन आणि गेम विकसन विभाग

स.न.वि.वि.

तुमच्या जुन्या कन्सोलवरच्या पाच लेनच्या रिदम गेमची (गाण्याच्या ठोक्यावर, पाच पट्ट्यांतून येणाऱ्या नोटा बटण दाबून पकडायच्या) टॅबसाठीची चाचणी आवृत्ती आम्ही नीट तपासली. सेटिंग्जमध्ये आवाजाचा ऑफसेट (उशीर वजा करायचा आकडा) नाही, चित्राचा नाही, कॅलिब्रेशनची (हा उशीर मोजून जुळवण्याची) स्क्रीनच नाही. त्याऐवजी तुम्ही टायमिंग विंडो, म्हणजे टॅप बरोबर धरण्याची ठोक्याच्या आगेमागेची मुदत, रुंद करून ठेवली आहे. तक्रारींना तुमच्याकडून उत्तर आले ते असे, की टॅबवर खेळणारा हौशी असतो, त्याला एवढी अचूकता लागत नाही, आणि पूर्ण आवृत्तीही याच रूपात येईल. हा निर्णय आम्हाला मान्य नाही. खासगीत कळवून झाले, आता चारचौघांत लिहितो, कारण जुने गेम टॅबवर आणण्याच्या विचारात असलेल्या इतरांनीही हे वाचावे अशी इच्छा आहे. कंपनीचे नाव मुद्दाम घातलेले नाही. भांडण निर्णयाशी आहे.

आम्ही म्हणजे नागपुरात टॅब दुरुस्त करणारे, ॲप लिहिणारे आणि तबल्याचे वर्ग चालवणारे काही लोक. कन्सोल आणि त्याचा खास कंट्रोलर इथे मोजक्या घरांत सापडेल, आणि कंट्रोलरचे बटण गेले तर सुटा भाग मिळत नाही. टॅब मात्र पोरांकडे भरपूर आहेत. महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेचे मुख्यालय नागपुरातच आहे आणि तिच्यामार्फत प्रवेश परीक्षांच्या तयारीसाठी विद्यार्थ्यांना टॅब मिळतात. अभ्यास आटोपला की त्याच टॅबवर गेम सुरू होतो, हे आईवडिलांनाही ठाऊक असते. म्हणजे तुमच्या गेमची टॅबवरची आवृत्ती हीच या मुलांसाठी पहिली आणि बहुधा एकमेव आवृत्ती. तिच्यात उशीर असेल तर मूल गेमला दोष देत नाही. आपलाच हात लयीत नाही, असे ते धरून चालते. तबल्याच्या वर्गात बसणाऱ्या मुलाने असा समज करून घेतला तर तो काढायला फार वेळ लागतो.

मुळात हा प्रश्न तुमच्यासाठी नवा असण्याचे कारण नाही. १९९६ मध्ये प्लेस्टेशनवर पारप्पा द रॅपर आला, १९९७ मध्ये आर्केडमध्ये बीटमेनिया, १९९८ मध्ये डान्स डान्स रिव्होल्यूशन. त्या काळचे काचेच्या नळीचे टीव्ही आलेले चित्र जवळजवळ त्याच क्षणी दाखवत. बटण दाबल्यापासून आवाज येईपर्यंतचा उशीर गेम लिहिणाऱ्याला आधीच माहीत असे आणि तो घरोघरी सारखा असे. २००५ मध्ये पीएस२ वर गिटार हीरो आला तोवर एलसीडी टीव्ही घरात शिरू लागले होते. हे टीव्ही चित्रावर प्रक्रिया करून मग दाखवतात, त्यात वेळ जातो. म्हणून या प्रकारच्या गेममध्ये कॅलिब्रेशनची स्क्रीन आली. २००८ च्या रॉक बँड २ च्या गिटारमध्ये तर उजेड टिपणारा सेन्सर आणि माईक बसवलेला होता. गिटार टीव्हीसमोर धरली की उशीर आपोआप मोजला जाई. एका प्लॅस्टिकच्या खेळण्याला जे जमले ते टॅबला का जमू नये? टॅबमध्ये माईक तर आधीपासूनच आहे. उलट उदाहरणही घ्या. २०१७ मध्ये पारप्पा पीएस४ वर पुन्हा आला, चित्र धारदार झाले, आणि अनेक समीक्षकांनी बोट ठेवले ते टायमिंगवरच.

आता एकेक मुद्दा.

पहिला आणि सर्वांत मोठा मुद्दा विंडोचा. उशीर दोन जातींचा असतो. एक स्थिर : प्रत्येक टॅप ८७ मिलिसेकंदांनी उशिरा पोचतो, नेहमी ८७ नेच. दुसरा डगमगता : कधी ७०, कधी १०५. स्थिर उशीर कितीही मोठा असो, तो वजा करता येतो आणि खेळाडूला त्याचा पत्ताही लागत नाही. डगमगता उशीर वजा करता येत नाही, तो मुळातच कमी करावा लागतो. विंडो रुंद करून यातले एकही काम होत नाही. दोन्ही उशीर जिथल्या तिथे राहतात, फक्त ‘मिस’ ऐवजी ‘गुड’ दिसते.

आणि पुष्कळदा तेही दिसत नाही. मिनिटाला १८० मात्रांची लय घ्या. एक मात्रा ३३३ मिलिसेकंदांची. चौपटीत वाजवले की दोन बोलांत ८३ मिलिसेकंदांचे अंतर उरते. समजा विंडो दोन्ही बाजूंना १२० मिलिसेकंद ठेवली. म्हणजे एका नोटेच्या विंडोत मागची नोटही बसते आणि पुढचीही. खेळाडूने अगदी ठोक्यावर टॅप केला, तो ८७ मिलिसेकंद उशिरा पोचला. गेम जर सर्वांत जवळची नोट पकडत असेल तर तो टॅप पुढच्या नोटेच्या खात्यात जमा होतो. एकाच लेनमध्ये सोळा नोटांची ओळ असेल तर पहिली मिस, शेवटचा टॅप फुकट आणि मधल्या पंधराही ‘परफेक्ट’. पण हे परफेक्ट खोटे, कारण प्रत्येक टॅप एक घर पुढे सरकलेला आहे. गेम जर सर्वांत आधीची न वाजलेली नोट पकडत असेल तर सोळाच्या सोळा ‘लेट’. मग खेळाडू आपोआप लवकर मारू लागतो, म्हणजे ऐकणे सोडून अंदाज बांधू लागतो. रिदम गेममधून ऐकणेच गेले तर उरले काय, बाप्पा? तुलनेसाठी, बीटमेनिया टूडीएक्समध्ये सर्वोच्च निकालाची विंडो एका फ्रेमची (पडद्यावरचे एक चित्र, सेकंदाला अशी ६०), म्हणजे अलीकडे-पलीकडे १६.७ मिलिसेकंद आहे. ओसू या संगणकावरच्या रिदम गेममध्ये ३०० गुणांची विंडो ८० मधून कठीणपणाच्या आकड्याची सहापट वजा करून निघते; कठीणपणा १० असेल तर २० मिलिसेकंद. तेही टचवर खेळले जाते. टॅबच्या काचेवर एवढी अचूकता शक्यच नाही, हे म्हणणे टिकत नाही.

मोजायचे कसे, तेही सांगतो, म्हणजे अवघड आहे ही सबब राहणार नाही. माईक एवढा एकच भाग पुरतो.

पायरी एक. गेमने एक टोकदार ‘टक’ स्पीकरमधून वाजवावी आणि माईकने ती परत ऐकावी. आवाज सोडायची नोंदलेली वेळ आणि तो परत आल्याची वेळ यांतला फरक म्हणजे आवाज बाहेर पडण्याचा उशीर अधिक माईकचा उशीर. पायरी दोन. खेळाडूला काचेवर बोटाने टकटक करायला सांगावे. बोट आपटल्याचा आवाज माईकलाही येतो आणि टचची नोंदही होते. माईकच्या वेळेतून टचची वेळ वजा केली की हाती येतो माईकचा उशीर उणे टचचा उशीर. पायरी तीन. पहिल्या आकड्यातून दुसरा वजा करा. माईकचा उशीर दोन्हीकडे असल्याने कटतो आणि उरतो आवाजाचा उशीर अधिक टचचा उशीर. गेमला नेमका हाच आकडा हवा असतो. समजा पहिला आकडा ९२ आला आणि दुसरा ५, तर ऑफसेट ८७.

यात चुका कुठे होतात? माईकवर नॉइज सप्रेशन किंवा एको कॅन्सलेशन (गोंगाट आणि प्रतिध्वनी गाळण्याची सोय) सुरू राहिले तर टॅब स्वतःच्याच स्पीकरची ‘टक’ गिळून टाकतो आणि आकडा येतच नाही. अँड्रॉइडमध्ये अनप्रोसेस्ड, म्हणजे गाळणी न लावलेला, माईक घ्यावा, तो नसेल तर व्हॉइस रेकग्निशनचा. काचेवर बोटाचा मऊ भाग टेकवला तर आवाज येत नाही. नखाने मारले तर आवाज येतो पण टच नोंदत नाही. बोट थोडे उभे धरून टोकाने मारायला सांगा आणि चित्र काढून दाखवा. पंखा किंवा कूलर सुरू असलेल्या खोलीत कूलरची घरघर सारखी असते, ‘टक’ तिच्यावर उठून दिसते. पण उंबरठा पातळी आधी दोन सेकंद खोलीचा आवाज ऐकून ठरवावी, कोडमध्ये ठोकून बसवू नये. वाचने दहा-बारा घ्यावीत आणि सरासरीऐवजी मधला आकडा धरावा, म्हणजे एखाद्या चुकार टॅपने निकाल बिघडत नाही.

ज्याला माईकची परवानगी द्यायची नाही त्याच्यासाठी हाताने जुळवायची सोय हवीच. स्क्रीन काळी ठेवून फक्त ठोके ऐकवा आणि सोळा टॅप घ्या, पहिले चार सोडून द्या. मग आवाज बंद करून फक्त रेषेवर येणाऱ्या नोटा दाखवा आणि पुन्हा सोळा. पहिल्या फेरीतून आवाजाचा ऑफसेट मिळतो, दुसरीतून चित्राचा. दोन्ही एकत्र तपासले तर खेळाडू कधी कानाच्या मागे जातो, कधी डोळ्याच्या, आणि आकडा कशाचाच राहत नाही. माणूस ठोका ऐकून टॅप करतो तेव्हा तो नकळत थोडा आधीच मारतो, हे टॅपिंगच्या प्रयोगांत सर्रास दिसते. म्हणून या पद्धतीचा आकडा माईकच्या आकड्यापेक्षा लहान आला तर घाबरू नये. त्यात खेळाडूची सवय मिसळलेली असते आणि खेळताना ती सवय असतेच.

दुसरी तक्रार डगमगत्या उशिराची, आणि इथे दोष सर्वस्वी कोडचा आहे. टच कधी झाला हे तुम्ही फ्रेमच्या सुरुवातीला तपासता, असे चाचणीत दिसते. ६० हर्ट्झच्या पडद्यावर फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची, म्हणजे एकच टॅप नशिबाप्रमाणे ० ते १६.७ मिलिसेकंद उशिरा. पूर्ण एका फ्रेमचा घोळ केवळ वाचण्याच्या पद्धतीमुळे. टचच्या प्रत्येक घटनेसोबत तिची वेळ टॅब देतोच. ती वापरा. अँड्रॉइड हलत्या बोटाच्या नोंदी एका फ्रेमपुरत्या गोळा करून एकदम देतो, त्यातल्या जुन्या नोंदींच्या वेळाही वाचता येतात. आयपॅडवरही तशीच सोय आहे.

गाण्याचे घड्याळही तुम्ही फ्रेम मोजून चालवता. टॅब तापला किंवा मागे कुठले अपडेट सुरू झाले की फ्रेम गळतात; ६० च्या हिशेबात सहा फ्रेम गळल्या की नोटा गाण्याच्या १०० मिलिसेकंद मागे पडतात आणि गाणे संपेपर्यंत मागेच राहतात. खेळाडू म्हणतो, सुरुवातीला बरोबर होते, शेवटी काय झाले कळेना. घड्याळ एकच असावे आणि ते आवाजाचे असावे : ४८,००० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८,००० सॅम्पल (नमुने) धरून, किती वाजून गेले त्यावरून वेळ काढा. हा आकडा बफरच्या (आवाजाच्या साठ्याच्या) टप्प्यांनी पुढे सरकतो, म्हणून दोन टप्प्यांमध्ये सिस्टिमच्या घड्याळाने भर घाला. नाही तर नोटा गचके खात येतात.

आणखी एक बारीक गोष्ट. काही गाण्यांत नोटा सगळ्या सारख्याच, सुमारे २५ मिलिसेकंदांनी लवकर येतात आणि काहींत येत नाहीत. आमचा संशय एमपी३ वर आहे. एमपी३ करताना आणि उलगडताना सुरुवातीला रिकामे सॅम्पल पडतात; लेम एन्कोडरचे ५७६ आणि डिकोडरचे ५२९, मिळून ११०५. ४४,१०० ने भागले की सुमारे २५ मिलिसेकंद. गाणी ऑग व्हॉर्बिस किंवा फ्लॅकमध्ये द्या, प्रश्न मुळातून मिटतो.

तिसरी : टॅप केल्यावर वाजणारा आवाज. ऑफसेट वजा करून निकाल बरोबर लावता येतो, पण बोट टेकल्यावर ढोलाचा आवाज यायचा असेल तर तो आधी वाजवता येत नाही, कारण बोट कधी टेकेल हे गेमला माहीत नसते. तुमच्या चाचणी आवृत्तीत प्रत्येक टॅपला टाळीचा आवाज आहे आणि तो ठोक्याच्या मागून येतो. गाणे बरोबर, निकाल बरोबर, पण कानाला सगळे दुहेरी. यावर जुना, चांगला उपाय आहे : मुख्य वाद्याचा ट्रॅक आधीपासून वाजता ठेवा आणि नोट चुकली तरच तो बंद करा. खेळाडूला आपणच वाजवतो आहोत असे वाटते आणि उशीर कानावर येत नाही. टाळी हवीच असेल तर ती बंद करण्याची सोय द्या, आणि आवाजासाठी अँड्रॉइड ८ पासूनची एऑडिओ किंवा गूगलची ओबो ही कमी उशिराची आवाज प्रणाली वापरा. अँड्रॉइडच्या नियमांत कमी उशिराचा टॅब म्हणवून घ्यायला आवाज बाहेर पडण्याचा उशीर ४५ मिलिसेकंदांच्या आत लागतो, आणि टॅब ही अट पाळतो की नाही हे ॲपला विचारता येते. पाळत नसेल तर टाळी आपोआप बंद ठेवा. एवढेच.

ब्लूटूथबद्दल. नेकबँड आणि इअरबड्समध्ये आवाज शंभर-दोनशे मिलिसेकंद आणि कधी त्याहूनही उशिरा येतो, शिवाय पुन्हा जोडला की आकडा बदलू शकतो. तुमचा गेम याबद्दल चकार शब्द काढत नाही. ब्लूटूथ जोडलेला दिसला की सरळ सूचना द्या, त्या जोडणीसाठी वेगळा ऑफसेट साठवा आणि गाण्याच्या मध्येच इअरबड जोडला वा सुटला तर गाणे थांबवा. कॅलिब्रेशनच्या वेळी माईक टॅबचाच वापरा. इअरबडचा माईक सुरू केला की ब्लूटूथ फोन कॉलच्या पद्धतीवर जातो, आवाज खराब होतो आणि मोजलेला उशीर गाण्याच्या वेळी लागू पडत नाही. वायरचा इअरफोन सर्वांत बरा, पण आता बऱ्याच टॅबना ३.५ मिलिमीटरचे छिद्रच नसते. टाइप-सी डोंगल घेणाऱ्याने डीएसी (आकड्यांतला आवाज वाजवण्याजोगा करणारी चिप) असलेला घ्यावा. नुसत्या तारा जोडणारा स्वस्त डोंगल अनेक टॅबवर आवाजच देत नाही. ही ओळ तुमच्या मदत पानावर टाका, आमच्याकडे येणारी निम्मी डोकेदुखी कमी होईल.

आता काच. इथे तुम्ही कंट्रोलरची पाच बटणे चित्र काढल्यासारखी पडद्याच्या पूर्ण रुंदीवर पसरली आहेत. १०.१ इंची, १६ः१० च्या टॅबची रुंदी सुमारे २१७ मिलिमीटर, म्हणजे एक लेन ४३ मिलिमीटरची. टॅब दोन्ही हातांत धरला तर अंगठे मधल्या लेनपर्यंत पोचत नाहीत. टेबलावर ठेवला तर बोटांना विनाकारण लांब उड्या माराव्या लागतात. दोन मांडण्या द्या. हातात धरणाऱ्यासाठी लेन डाव्या-उजव्या कडांकडे विभागून, मधली लेन दोन्ही बाजूंना. टेबलावर ठेवणाऱ्यासाठी मध्यभागी २० ते २२ मिलिमीटरच्या लेन, म्हणजे बोटे जिथल्या तिथे राहतात. काचेला बटणाचा उंचवटा नसतो, म्हणून दोन-तीन मिनिटांच्या गाण्यात बोटे हळूहळू सरकतातच. बोट जिथे शेवटचे बरोबर लागले तिकडे त्या लेनचा अदृश्य मध्य थोडा थोडा सरकवत नेला, तर सीमारेषेवरचे मिस पुष्कळ कमी होतात. मूळ चित्र हलवायची गरज नाही.

तीन नोटा एकत्र येतात तिथे काय होते ते जवळून पाहा. उजव्या हाताची तीन बोटे एकदम टेकतात, डाव्या हाताचे एक बोट लांब नोट धरून असते. झाले चार स्पर्श. उजव्या तळव्याची कड काचेला लागते : पाच. त्यात अंगठा टेकला : सहा. पाचच स्पर्श ओळखणारा स्वस्त टॅब इथे गडबडतो. काही टॅब सहावा स्पर्श सोडून देतात, काही सगळेच स्पर्श रद्द करतात. मग धरलेली लांब नोट तुटते आणि कॉम्बो (न चुकता पकडलेल्या नोटांची साखळी) गेला. स्पर्श रद्द झाल्याची सूचना टॅब गेमला वेगळी देतो. बोट उचलले आणि स्पर्श रद्द झाला या दोन गोष्टी तुम्ही एकच धरल्या आहेत. रद्द झाल्यावर लांब नोटेला ५०-६० मिलिसेकंदांची सवलत द्या, तेवढ्यात त्याच लेनमध्ये स्पर्श परत आला तर नोट चालू ठेवा. लेनच्या खालची पट्टी स्पर्शासाठी बंद ठेवली की तळव्याचा प्रश्नही बराच सुटतो.

शिवाय टॅबचे स्वतःचे जेस्चर. आयपॅडवर चार-पाच बोटे सरकली की ॲप बदलते. बऱ्याच अँड्रॉइड टॅबवर तीन बोटे खाली ओढली की स्क्रीनशॉट निघतो. तीन नोटा एकत्र घसरत आल्या की नेमके हेच. पहिल्यांदा गेम उघडताना हे जेस्चर बंद कसे करायचे ते मराठीत, चित्रासह दाखवा. अँड्रॉइडवर कडेने बोट ओढले की मागे जाते. कडेचा काही भाग ॲपला राखून घेता येतो, पण प्रत्येक बाजूला २०० डीपी (अँड्रॉइडचे पडद्यावरचे माप) उंचीपर्यंतच. म्हणून लेन कडेला अगदी चिकटवू नका.

दुरुस्तीच्या टेबलावर नेहमी येणारी तक्रार म्हणजे चार्जिंगला लावून खेळले की टॅब आपोआप टॅप करतो. हलक्या दर्जाच्या चार्जरमधला विजेचा गोंगाट काचेवरच्या मोजणीत मिसळतो आणि भुताटकीचे स्पर्श दिसतात. लाइन गेल्यावर इन्व्हर्टरवर, विशेषतः चौकोनी लहरीच्या जुन्या इन्व्हर्टरवर, हे जास्त होते. बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) मिळणारी जाड टेम्पर्ड ग्लास वर असेल तर उलटे होते, हलके टॅप लागतच नाहीत. गेमने चार्जिंग सुरू असताना एकाच मिलिसेकंदात दूरदूर उमटणारे, लगेच विझणारे स्पर्श ओळखून ‘चार्जर काढून पाहा’ असे सुचवले तर आम्हाला उगाच डिस्प्ले बदलायला आलेला ग्राहक परत पाठवावा लागणार नाही. (धंदा बुडतो, पण चालेल.)

उन्हाचेही लिहिणे भाग आहे. आयपॅड ० ते ३५ अंशांच्या हवेत वापरावा असे ॲपल सांगते. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, आणि कूलर नसलेल्या खोलीत संध्याकाळीही ३५ च्या खाली येत नाही. टॅब तापला की प्रोसेसर वेग कमी करतो, पडद्याचा उजेड उतरतो, फ्रेम गळतात. तुमच्या गेमच्या मागे फिरणारे त्रिमितीय स्टेज आणि नाचणारी गर्दी बंद करण्याचा पर्याय नाही. तो द्या. अँड्रॉइड ११ पासून टॅब किती तापला याचा अंदाज ॲपला मिळतो, त्यावरून आधी गर्दी घालवा, मग प्रकाश, मग स्टेज. नोटा शेवटपर्यंत सुरळीत राहिल्या पाहिजेत. बाकी सगळे गेले तरी कोणी तक्रार करणार नाही.

गाण्यांच्या मालकीबद्दल तुमच्या अटींत एक ओळ आहे : सेवा कधीही बंद होऊ शकते. या ओळीने काय होते ते सर्वांनी पाहिले आहे. मे २०१२ मध्ये आयफोनवरच्या रॉक बँडमध्ये संदेश झळकला की ३१ मेनंतर गेम चालणार नाही. लोकांनी ओरड केल्यावर तो संदेश चुकून गेला असे कंपनीने सांगितले. डिसेंबर २०१८ मध्ये गिटार हीरो लाइव्हची ऑनलाइन सेवा बंद झाली तेव्हा ४८४ गाण्यांपैकी डिस्कवरची ४२ उरली. विकत घेतलेले गाणे टॅबवर उतरले की ते इंटरनेटशिवाय चालले पाहिजे, आणि एखाद्या गाण्याचा परवाना संपणार असेल तर ती तारीख विकतानाच लिहिलेली हवी.

शेवटचा मुद्दा आमच्या जिव्हाळ्याचा. तुम्ही चार्ट एडिटर (गाण्यावर स्वतः नोटा बसवण्याची सोय) देणार असल्याचे जाहीर केले, पण चाचणीतल्या एडिटरमध्ये एक गाणे, एक बीपीएम (मिनिटाला मात्रा) आणि चार-चारचे खंड एवढेच आहे. आमचे संगीत यात बसत नाही. रूपक सात मात्रांचा, झपताल दहाचा. चारच्या रेषा आखल्या की सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, दर आवर्तनाला वेगळ्या ठिकाणी पडते आणि खेळाडूला रेषेचा आधार न होता अडथळाच होतो. रूपकात तर समेवरच खाली (विनाजोराची मात्रा) आहे, म्हणजे पहिल्या मात्रेला जोराची नोट द्यायची हा तुमचा ठरीव नियमही चालत नाही. दुसरे, मैफलीचे वा लेझीमच्या पथकाचे रेकॉर्डिंग क्लिकवर (यंत्राच्या ठराविक ठोक्यावर) वाजवलेले नसते, लय हळूहळू चढत जाते. एका बीपीएमवर ताणून बसवले तर दोन मिनिटांत नोटा गाण्यापासून सुटतात. हवे ते साधे आहे : खंडाची लांबी आणि त्याचे विभाग चार्ट करणाऱ्याने ठरवावेत, जसे रूपकाला ३, २, २, आणि प्रत्येक समेची वेळ रेकॉर्डिंग ऐकून टॅप करत नोंदवता यावी, मधल्या मात्रा गेमने त्यात वाटून घ्याव्यात. अंतर्गत मोजमाप मात्रेला ४८० टिकांचे (बारीक भागांचे) ठेवले तर तिप्पट, चौपट, पाचपट, सहापट सगळे पूर्णांकात बसते. सातपट बसत नाही, पण ती लिहिणारा आपले बघून घेईल.

तर आमच्या मागण्या :

पूर्ण आवृत्तीत आवाज आणि चित्र यांचे वेगवेगळे ऑफसेट, एकेक मिलिसेकंदाने बदलता येणारे, आणि वर लिहिलेले माईकचे कॅलिब्रेशन द्या.

टचची वेळ फ्रेममधून न घेता घटनेतून घ्या, आणि गाण्याचे घड्याळ आवाजाच्या सॅम्पलवर चालवा. या दोन गोष्टींशिवाय कॅलिब्रेशनलाही अर्थ नाही.

टायमिंग विंडो मूळ कन्सोलएवढी करा. नवशिक्यांसाठी रुंद विंडो ठेवायची असेल तर ती वेगळ्या, उघडपणे लिहिलेल्या सोप्या पातळीत ठेवा आणि तिथेही प्रत्येक बाजूची विंडो दोन नोटांमधल्या अंतराच्या निम्म्यापेक्षा मोठी होऊ देऊ नका.

गाणे संपल्यावर टॅप किती मिलिसेकंद आधी वा नंतर पडले याचा आलेख दाखवा. आलेखाचा उंचवटा शून्यापासून सरकलेला असेल तर ऑफसेट चुकला. उंचवटा पसरट असेल तर टॅबमध्ये किंवा हातात डगमग आहे. हा एक आलेख दिलात तर तुमच्या मदत कक्षाकडे जाणाऱ्या अर्ध्या तक्रारी लोक स्वतःच सोडवतील.

लेनच्या दोन मांडण्या, स्टेज बंद करण्याची सोय, ब्लूटूथची सूचना, घेतलेली गाणी इंटरनेटशिवाय चालणे, आणि आवर्तन मानणारा एडिटर. मराठी मजकूर लागला तर आम्ही तपासून देऊ, त्याचे पैसे नकोत.

चाचणीची पुढची आवृत्ती आली की आमच्याकडच्या टॅबवर ती याच पद्धतीने मोजून, सेकंदाला २४० फ्रेमच्या स्लो मोशन चित्रीकरणासह, आकडे तुम्हाला पाठवू आणि त्याच वेळी सर्वांसाठी खुलेही करू. त्यात कुठल्या टॅबवर आवाजाचा उशीर किती, डगमग किती आणि एकाच वेळी किती स्पर्श धरले जातात, हे तीन रकाने असतील.

कळावे,
नागपुरातील काही टॅब दुरुस्त करणारे, ॲप लिहिणारे आणि तबल्याचे शिक्षक